कासवाच्या ताटातलं तण

आई, आमच्या घरी एक कासव आहे. हे ऐकून तू चष्मा कपाळावर सारशील आणि "कशाला?" असं विचारशील, म्हणून आधी तेच सांगते. बँकेनं मला लखनऊला पाठवलं त्याला आता सहावं वर्ष चालू आहे. जानकीपुरममध्ये तळमजल्यावर मी आणि माझी मुलगी राहतो. तिचे बाबा नागपूरला नोकरीत आहेत, महिन्यातून एकदा येतात. आमच्या वर एक आंटीजी राहायच्या. दिवाळी झाल्यावर त्या मुलाकडे परदेशी कायमच्या निघाल्या, आणि त्यांचं जेवणाच्या ताटाएवढं कासव कुणाकडे ठेवायचं हा प्रश्न आला. आफ्रिकेकडच्या जातीचं, वनखात्यात रीतसर नोंद केलेलं, त्याची फाइल माझ्या सर्व्हिस फाइलपेक्षा जाड. "बेटा, ये किसी को तंग नहीं करता," आंटीजी म्हणाल्या, "बस दो टाइम खाना दे दो." मी नाही म्हणायला तोंड उघडलं तोवर माझ्या मुलीनं हो म्हणून टाकलं होतं. ती जन्मायच्या आधीच तू गेलीस, तू तिला पाहिलं नाहीस. पंधरा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं पण उत्तर हिंदीत देते, आणि त्या दिवसांत तर उत्तरंही फारशी देत नव्हती. ती कशाला तरी हो म्हणतेय, एवढ्यावरच मी कासव खाली आणलं आणि फाइलवर माझं नाव चढवून घेतलं.

आंटीजी त्याला काकडी, टोमॅटो आणि दुधात भिजवलेली पोळी द्यायच्या. आम्हीही तेच देऊ लागलो. पंधरा दिवसांनी त्याला आलमबागला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, टोपलीत घालून, वर माझी शाल टाकून. डॉक्टर तरुण होते. त्यांनी कवचावरून बोट फिरवलं आणि वर आलेली टेंगळं मला दाखवली. "खीरा, टमाटर, रोटी, दूध, सब बंद," ते म्हणाले. "ये चरने वाला जानवर है, मैडम. इसको घास चाहिए, जंगली पत्ते चाहिए. मगर पहचान के." वाळलं गवत आणून पाहिलं, तर त्यानं त्यावर बसून झोप काढली. पालक रोज नको म्हणाले होते. राहिली ती रानात उगवणारी पानं, आणि तीही ओळखून. घरी आल्यावर चपला काढताना मुलगी म्हणाली, "मम्मी, अपने को तो एक भी पत्ता नहीं आता." तिचं बरोबर आहे असं मलाही तेव्हा वाटलं.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट आहे. गेली पाच वर्षं मी रोज त्याच्या कडेनं स्कूटर नेते आणि तिथं फक्त कचरा बघते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं नुसती उभी राहिले. थंडी होती, धुकं निवळत होतं, पानांवर दव होतं. आणि माझ्या पायाशी, विटांच्या तुकड्यांमधून, जमिनीला चिकटून पसरलेली पानं, कडा करवतीसारख्या, मधून पिवळ्या फुलाची एक दांडी. मी ओणवी झाले, पान मोडलं, पांढरा चीक आला, आणि माझ्या तोंडून मोठ्यानं शब्द बाहेर पडला: पाथरी. आई, पाथरी. तू रविवारी सकाळी शेतावरून यायचीस ती पदरात घेऊन, आणि मग आपलं ते काळं पडलेलं स्वयंपाकघर, चुलीशेजारचा गॅस, परातीत थापलेली भाकरी. तू पाथरी नुसती धुवायचीस, फोडणी नाही, काही नाही. भाकरीवर ठेचा, त्यावर ती कच्ची पानं, आणि घास तोंडात घालून डोळे मिटायचीस. मी म्हणायचे, "कडू आहे, मला नको." तू म्हणायचीस, "राहू दे, मला जास्त मिळेल." तीस-पस्तीस वर्षं मी हा शब्द उच्चारलाही नव्हता. तो तिथं, लखनऊच्या एका प्लॉटवर, माझी वाट बघत असल्यासारखा उभा होता.

मी घरी जाऊन नाव पुन्हा पडताळलं, डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी हो म्हटल्यावर मूठभर पानं धुऊन कासवासमोर ठेवली. त्यानं मान बाहेर काढली. एवढ्या हळू की मुलीनं श्वास रोखून धरला होता. मग त्यानं तोंड उघडलं, गुलाबी जीभ दिसली, आणि कर्रकन एक तुकडा तोडला. सगळी संपवली. मुलगी जमिनीवर पालथी पडून बघत होती. ती उठून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "और क्या-क्या है वहाँ?"

तिथून जे सुरू झालं ते तुला कसं सांगू. सकाळी सहाला उठवायला जिला तीन हाका माराव्या लागायच्या ती स्वेटर घालून दारात उभी. प्लॉटवर आम्हाला हरळी सापडली, एकदांडी सापडली, जिला तू कंबरमोडी म्हणायचीस; भिंतीच्या उन्हाच्या बाजूला पुनर्नवेचा एक वेल सापडला, ऐन थंडीत हट्टानं टिकून राहिलेला. बथुआ तर इथं सगळेच खातात, पण तो म्हणजे आपला चाकवतच हे मला पानामागची पांढरी भुकटी बोटाला लागल्यावर कळलं. प्रत्येक वेळी नाव आधी माझ्या जिभेवर यायचं आणि मग मला कळायचं की हे मला येतं. शाळेत असताना पाठ केलेली कविता अचानक अख्खी आठवावी तसं. मुलीनं मोबाइलवर यादी केली. एकीकडे देण्यासारखी, दुसरीकडे हातही न लावण्यासारखी: गाजरगवत, धोतरा, रुई, घाणेरी, कण्हेर. चीक निघाला म्हणजे पाथरीच असं नाही, दुधी नावाच्या तणाचाही निघतो, हे मी तिला दोन्ही समोर ठेवून दाखवलं. महापालिकेच्या बागेतलं घ्यायचं नाही, तिथं औषध मारतात. रस्त्याकडेचं घ्यायचं नाही. जिथं कुत्री फिरतात तिथलं नाही. आणि नाव सांगता आलं नाही तर पिशवीत टाकायचं नाही. हा शेवटचा नियम मी केला आणि तो मोडलाही मीच. ते पुढे सांगते.

तुझी ती बियाणं तपासायची प्रयोगशाळा मला या दिवसांत फार आठवली. शाळा सुटली की मी परभणीच्या त्या सरकारी इमारतीत यायचे, कारण घरी कुणी नसायचं. उत्तरेच्या खिडकीपाशी तुझं टेबल, त्यावर पांढरा कागद, चिमटा, भिंग, दिवा. शेतकऱ्याला विकायच्या बियाण्याचा नमुना कापडी पिशवीतून यायचा, तो तू कागदावर पसरायचीस आणि एकेक दाणा सरकवायला लागायचीस. चार ढीग. शुद्ध बी, दुसऱ्या पिकाचं बी, तणाचं बी, काडीकचरा. भिंतीला लावलेल्या कपाटात काचेच्या बारक्या बाटल्या होत्या, प्रत्येकीत एका तणाचं बी आणि तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. मैत्रिणी विचारायच्या, तुझी आई ऑफिसात काय करते? मी म्हणायचे, निवडते. तांदूळ निवडतात तसं. त्या हसायच्या आणि मीही हसायचे.

एकदा, मी अकरा वर्षांची असेन, तू मला लसूणघासाचा एक नमुना निवडायला दिलास, गंमत म्हणून, आधीच तपासून झालेला. मी फार मन लावून बसले. अर्ध्या तासानं सांगितलं, "सगळं स्वच्छ आहे." तू शेजारी येऊन वाकलीस, चिमट्यानं तीन दाणे बाजूला काढलेस. तपकिरी, खडबडीत, लसूणघासाच्या बियांहून जरा बारके. मला तर ते तसेच दिसत होते. "अमरवेल आहे ही," तू म्हणालीस. "हे तीन दाणे गेले असते ना, तर एका माणसाचं अख्खं रान पिवळ्या दोऱ्यांनी गुंडाळलं गेलं असतं." मी म्हणाले, "पण सारखेच तर दिसतात." तेव्हा तू चिडलीस. तू क्वचित चिडायचीस, म्हणून मला ते शब्द जसेच्या तसे आठवतात. "सारखे दिसत नाहीत. ओळखीचं दिसलं की तू बघायचं थांबतेस. घाई कशाची झालीय तुला?" मी रडले नाही, पण त्यानंतर त्या टेबलाशी फारशी बसलेही नाही. दहावी झाल्यावर तू मला घडीचं भिंग दिलंस, पितळेचं, दहापट मोठं दाखवणारं. मला मनगटी घड्याळ हवं होतं. ते भिंग कुठल्या बदलीत हरवलं हेही मला ठाऊक नाही.

जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे रविवारी भाजी घेऊन एक बाई येतात, बख्शी का तालाबकडच्या. त्यांचं तिकडं थोडं शेत आहे. आमची कासवाची कथा ऐकून त्या म्हणाल्या, "हमरे खेत पर आइए ना, मैडम. मेड़ पर जितना चाहे उतना ले जाइए. दवा हम डालते ही नहीं." त्या रविवारी आम्ही दोघी गेलो. मोहरी फुललेली होती, गहू घोट्याएवढा, बांधावर आणि गव्हाच्या ओळींत नुसती हिरवी गर्दी. मी अक्षरशः वेडी झाले. इकडं धावत होते, तिकडं धावत होते, मुलीला हाका मारत होते, हे बघ, हे बघ, आणि ती मागून फोटो काढत येत होती. गव्हाच्या कडेला एक नाजूक तण दाट पसरलेलं होतं, समोरासमोर छोटी टोकदार पानं, मऊसूत. मोबाइलनं त्याचं इंग्रजी नाव सांगितलं, आणि ते आमच्या 'देण्यासारखं' या यादीत होतं. कोंबड्याही आवडीनं खातात असं त्यात लिहिलं होतं. मी एक रोप बघितलं, दुसरं बघितलं, आणि मग मुठीनं उपटायला लागले. भाजीवाल्या बाई बांधावर उभ्या होत्या, त्यांनी विचारलंही, "का का ले रही हैं?" मी म्हणाले, "सब पता है मुझे." असं म्हणाले मी, आई.

घरी आल्यावर मी अंघोळीला गेले आणि मुलीनं पिशवी धुऊन एक मोठा ढीग कासवासमोर ठेवला. मी केस पुसत बाहेर आले तेव्हा ते खात होतं आणि ती त्याला म्हणत होती, "आराम से, आराम से." मी खाली बसले. ढिगातली एक काडी सहज उचलली. पानाच्या बगलेतून केसासारखं एक देठ खाली वळलेलं होतं आणि त्याच्या टोकाला मोहरीपेक्षा थोडी मोठी एक गोल गोळी. मी ती नखानं दाबली. वरचा अर्धा भाग झाकणासारखा अलगद निघून आला.

ते झाकण मी आधी बघितलेलं होतं. हरभऱ्याच्या शेतात, तुझ्याबरोबर, मी सहा-सात वर्षांची. तू एक वाळकी काडी माझ्या तळहातावर ठेवलीस, गोळीचं झाकण उघडून दाखवलंस आणि म्हणालीस, "हा बघ, कुंकवाचा करंडा." मी खूप करंडे उघडले त्या दिवशी. मग तू म्हणालीस, "आता देठ बोटात फिरव. गोल लागतं की कोपरे लागतात?" कोपरे लागत होते. "हं. हे निळ्या फुलाचं. हे गुरांच्या तोंडी जाऊ द्यायचं नाही."

मी ते देठ बोटात फिरवलं. कोपरे लागत होते. पान उलटं केलं. मागे बारीक काळे ठिपके. मी ढीग ओढला, त्याच्या तोंडातून लोंबणारी काडी ओढली, तर त्यानं फुस्सकन मान आत घेतली, काडी अर्धी तोंडातच. मुलगी घाबरून मागे सरकली. "क्या हुआ? मैंने क्या किया?" मी म्हणाले, "तू नाही. मी." तिथंच फरशीवर बसून आम्ही अख्खा ढीग निवडला, एकेक काडी. गोल देठ, ज्याच्यावर एकाच बाजूनं केसांची रेघ असते, ते डावीकडे. चौकोनी देठ उजवीकडे. दोन्ही एकमेकांत गुंतून उगवलेली होती आणि मी दोन्हीच्या मुठी भरल्या होत्या. उजवीकडचा ढीग लहान नव्हता.

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. किती खाल्लं? सांगता येत नव्हतं. कोमट पाण्यात बसवा, दिव्याखाली ऊबेत ठेवा, लक्ष ठेवा, आणि जरा वेगळं वाटलं तर लगेच घेऊन या. सोमवारी त्यानं काही खाल्लं नाही. मी बँकेत गेले पण काउंटरवर काय केलं ते मला आठवत नाही. थंडीमुळे शाळेला सुट्टी होती, मुलगी घरून दर तासाला मेसेज पाठवत होती: सो रहा है. आँख खोली. फिर सो गया. मंगळवारी मी रजा घेतली. ते कोपऱ्यात डोकं आत घालून बसलेलं, आणि आम्ही दोघी त्याच्याजवळ सतरंजीवर. तिनं कितीतरी वर्षांनी माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. मग म्हणाली, "अगर कुछ हो गया तो मेरी वजह से होगा. मैंने ही डाला था." मी तिला अमरवेलीच्या तीन दाण्यांची गोष्ट सांगितली. एका मुलीची म्हणून सांगितली. तिनं विचारलं, "फिर उसने सीखा?" मी म्हणाले, "उशिरा."

बुधवारी सकाळी सातच्या सुमारास कर्र असा आवाज झाला. रात्री ठेवलेली हरळीची जुडी ते खात होतं. मुलगी झोपेतून उठून आली, तशीच गारठलेल्या फरशीवर बसली, आणि आम्ही दोघी त्याचं चावणं ऐकत राहिलो. त्या पाल्यानंच ते मलूल झालं होतं की त्या दोन दिवसांच्या कडाक्याच्या थंडीनं, हे डॉक्टरही सांगू शकले नाहीत. सुदैवानं फार गेलं नसावं, इतकंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मी दोन्ही तणं ओल्या फडक्यात गुंडाळून भाजीवाल्या बाईंच्या समोर धरली. त्यांनी टोपली खाली ठेवायच्या आधीच सांगितलं. "ई बुचबुचा. अउर ई जोंकमारी. ई का तो बकरियौ नाहीं छुअत." जोंकमारी म्हणजे ती चौकोनी देठाची, जिला शेळीही तोंड लावत नाही. मी विचारलं, त्या दिवशी का नाही सांगितलंत? त्या हसल्या. "आप ही तो बोलीं, सब पता है." मग त्यांनी माझ्या मुलीला जवळ बसवून घेतलं आणि डोळे मिटून नुसत्या बोटांनी दोन्ही ओळखायला लावलं. तिला तिसऱ्या खेपेला जमलं. आता आम्ही दर रविवारी त्यांच्या शेतावर जातो आणि मी तोंड बंद ठेवते. मागच्या खेपेला मुलीनं बांधावरच्या एका मखमली पानाचं नाव त्यांना विचारलं, त्यांना ते ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं, आणि आम्ही तिघींनी ते तिथंच राहू दिलं. याही गोष्टीचा मला इतका आनंद का झाला ते सांगता येणार नाही. इथं आता ऊन तापायला लागलंय. गव्हाला ओंब्या आल्यात, जमिनीवरचं नाजूक तण वाळत चाललंय, आणि नवीन काहीतरी वर येतंय ज्याची दोनच पानं फुटली आहेत. ते काय निघेल याची आम्हा दोघींना एवढी उत्सुकता आहे की रोज जाऊन बघतो. कासवाच्या कवचाची जुनी टेंगळं जाणार नाहीत, डॉक्टर म्हणाले, पण कडेला नवीन वाढ येतेय ती सपाट आहे. मी बोट फिरवून बघते. खरंच सपाट आहे.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. मुलगी परवा वर्गातल्या मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "मेरी मम्मी को एक-एक पौधे का नाम आता है, यार. देखते ही बता देती हैं." नंतर माझ्याकडे येऊन तिनं विचारलं, हे सगळं तुला कुणी शिकवलं? आणि मी म्हणाले, असंच, येतं मला. आई, तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल असं काही मी फार दिवसांनी बघितलं. ते मी एकटीनंच ठेवून घेतलं.